फुकटात अर्धाच शेक?

काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला अन् डॉक्टरांनी २० दिवसांचा शेक सांगितला (रेडिएशन हो, आमच्याकडे शेकच म्हणतात). शेजारच्या गुरुजींनी मागे ३७ घेतले होते, त्यामुळे काकांचं डोकंच फिरलं, "सरकारी योजनेत फुकट आहे म्हणून अर्धाच देऊन राहिले काय?"

शंका रास्त आहे, पण उत्तर उलटं आहे. जुना हिशोब असा की रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे शेक मोजायचं माप), ३७ दिवस, एकूण ७४. थोडं थोडं द्यायचं कारण दोन शेकांच्या मधे चांगल्या पेशी स्वतःला दुरुस्त करतात अन् कॅन्सरच्या पेशींना ते तेवढं जमत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र सावकाश वाढणारा, छोट्या डोसमधून तोही सावरतो, म्हणून त्याला रोजचा मोठा दणकाच जास्त लागतो. मुख्यतः ब्रिटनमधे ३,२१६ पुरुषांवर 'चिप' नावाची ट्रायल झाली, २०१६ च्या निकालात २० दिवसांत ६० ग्रे हे ७४ च्या तोडीस तोड निघालं, साइड इफेक्टही साधारण सारखेच. आता तर २०२४ च्या 'पेस-बी' ट्रायलमधे कमी-मध्यम धोक्याच्या पेशंटना फक्त ५ वेळा शेक देऊनही पाच वर्षांनी निकाल तेवढाच चांगला.

आता सरकारी पैशाचं बघा. मशीनवरच्या ७४० पाळ्यांत ३७ वाले २० पेशंट होतात, २० वाले ३७. नवीन मशीन न घेता! पण अमेरिकेत दर शेकामागे पैसे मिळायचे, मग तिथे छोटा कोर्स रेंगाळला यात नवल काय. आपल्याकडे कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, पण भंडाऱ्याहून रोजची एसटी, सोबतच्या माणसाचा खाडा, दुपारचं जेवण हे कोणत्या पॅकेजात बसते?

मात्र मोठा डोस द्यायचा तर नेम पक्का पाहिजे, प्रोस्टेटच्या मागे लगेच गुदाशय आहे. म्हणून रोज आधी स्कॅन करून जागा तपासतात, अन् लघवीची पिशवी भरलेली ठेवायला लावतात म्हणजे आतडी वर सरकतात. बाकावर सात-आठ म्हातारे पाण्याच्या बाटल्या घेऊन मांड्या आवळून बसलेले, त्यात मशीन लेट झाली की काकांचा चेहरा बघवत नसे. म्हणजे स्कॅनवाली मशीन अन् ती चालवणारे फिजिसिस्ट, टेक्निशियन यांच्यावर आधी पैसा टाकावा लागेल, नुसता कोर्स छोटा करा म्हणून जीआर काढून भागणार नाही.

काकांचे वीस झाले. गुरुजी अजून विचारतात, उरलेले सतरा कधी?