दीर्घिकांमधील तारानिर्मिती आणि त्यांचा शेजार

तारे थंड वायूपासून बनतात आणि हा वायू कोणत्याही दीर्घिकेत अमर्याद नसतो. सर्पिल दीर्घिकेतील रेणुरूप हायड्रोजन, म्हणजे तारे घडवणारा हा थंड वायू, सध्याच्या गतीने वापरला गेला, तर तो साधारण 2 अब्ज वर्षांत संपेल. तरीही आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका 10 अब्ज वर्षांहून अधिक काळ तारे घडवत आल्या आहेत, म्हणजेच त्यांना बाहेरून नवा वायू मिळत राहतो. त्यामुळे दीर्घिका कोठे वसली आहे, यावर तिचे बरेचसे भवितव्य ठरते.

1980 मध्ये खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी 55 दीर्घिकासमूहांच्या पाहणीतून दाखवले की, विरळ भागांत सर्पिल दीर्घिकांचे प्रमाण जास्त असते आणि समूहाच्या दाट गाभ्याकडे जावे तसतसे ते घटून, तारानिर्मिती जवळपास थांबलेल्या लंबगोल व भिंगाकार दीर्घिकांची संख्या वाढत जाते. याचे एक संभाव्य कारण जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी 1972 मध्येच सुचवले होते. मोठ्या समूहातील दीर्घिकांमधली जागा रिकामी नसून तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा, क्ष-किरण उत्सर्जित करणारा अतिविरळ वायू भरलेला असतो. त्यातून दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जाते, आणि वारा पडलेला असतानाही भरधाव सायकलस्वाराला समोरून वारा लागावा, तसा या वायूचा दाब तिच्यावर येतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वायू विरळ असूनही परिणाम मोठा होतो. ताऱ्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. तबकडीतला वायू मात्र मागे ढकलला जातो.

नॉर्मा समूहातील ईएसओ 137-001 या सर्पिल दीर्घिकेत हे प्रत्यक्ष दिसते. तिच्यामागे क्ष-किरणांत दिसणारी सुमारे 2 लाख 60 हजार प्रकाशवर्षे लांबीची शेपटी आहे, आणि हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात त्या शेपटीतच नवे तारे जन्मल्याच्या निळ्या रेघा दिसतात. दीर्घिकेतून हिसकावला गेलेला वायू वाटेतच तारे घडवतो, ही गोष्ट मजेशीरच म्हणायची.

छायाचित्रे इतकी बोलकी असल्याने बहुतेक दीर्घिका अशाच थंडावत असाव्यात, म्हणजे त्यांची तारानिर्मिती अशीच थांबत असावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पुरावा वेगळ्या दिशेने जातो. वायू एकाएकी निघून गेला, तर दीर्घिकेतील ताऱ्यांची रासायनिक घडण त्या क्षणी होती तशीच राहील. उलट, केवळ बाहेरून येणारा ताजा वायू बंद झाला, तर आत उरलेला वायू तारे घडवत राहील, मरणाऱ्या ताऱ्यांनी टाकलेल्या जड मूलद्रव्यांचे (हायड्रोजन व हेलियमपेक्षा जड) प्रमाण कमी करणारा ताजा वायू त्यात मिसळणार नाही, आणि म्हणून शेवटी जन्मलेल्या ताऱ्यांत ही मूलद्रव्ये अधिक आढळतील. यिंगजिए पेंग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हजारो दीर्घिकांचे वर्णपट तपासले, तेव्हा थंडावलेल्या दीर्घिकांत जड मूलद्रव्ये खरोखरच अधिक निघाली. फार मोठ्या दीर्घिका सोडल्या, तर बहुतेकांचा शेवट सुमारे 4 अब्ज वर्षे चाललेल्या उपासमारीने होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मला हा युक्तिवाद छायाचित्रांपेक्षाही अधिक पटतो, कारण तो ताऱ्यांत नोंदल्या गेलेल्या इतिहासावर उभा आहे.

शेजार नेहमीच घातक असतो असेही नाही. लहान गटांत दीर्घिका संथपणे जवळ येतात, त्यांचे वायू एकमेकांवर आदळून दाटतात आणि काही काळ ताऱ्यांचा पूर येतो. अँटेना दीर्घिकांची जोडी सध्या याच अवस्थेत आहे.

आपल्या आकाशगंगेचा शेजारही तपासण्याजोगा आहे. तिच्यापासून सुमारे 9 लाख प्रकाशवर्षांच्या आतील बहुतेक खुज्या उपदीर्घिकांत (तिच्याभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकांत) हायड्रोजन वायू जवळजवळ नाही, तर त्यापलीकडच्या लिओ-टी या चिमुकल्या दीर्घिकेत तो अजून टिकून आहे. आतल्या भागातील ठळक अपवाद म्हणजे मॅगेलनचे दोन मेघ. ते पुरेसे वजनदार असल्याने आजही तारे घडवत आहेत, मात्र त्यांच्यातून ओढल्या गेलेल्या हायड्रोजनचा पट्टा रेडिओ दुर्बिणींना आकाशाच्या मोठ्या भागावर पसरलेला दिसतो.