टर्न, सेकंद आणि पॉझ: कॉम्प्युटर आरपीजीमधल्या लढाईची पार्श्वभूमी

आळीपाळीने चाली करायचं टर्न-बेस्ड चांगलं की न थांबणाऱ्या काळातलं रिअल-टाइम, हा वाद आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे खेळ) खेळणाऱ्यांत कधी मिटत नाही. पण या खेळांमधलं लढाईचं गणित मुळात चालत्या घड्याळासाठी मांडलेलंच नव्हतं, हे त्यात सहसा लक्षात घेतलं जात नाही. १९७१ची 'चेनमेल' ही टेबलावर छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडून खेळायच्या युद्धाची नियमावली. तिच्या पायावर १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा आरपीजी उभा केला. टेबलावर काळ थांबलेलाच असतो. मंडळी हवा तितका विचार करतात, २० बाजूंचा फासा पडतो आणि वार लागला की हुकला ते तक्त्यावरून ठरतं. कॉम्प्युटरने फासा आणि तक्ता उचलला. काळाचं काय करायचं, हे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावं लागलं आणि या पद्धतींच्या बहुतेक खोड्या तिथूनच निघतात.

१९८१च्या 'विझर्ड्री'ने काळ फेरीत बांधला. पार्टी, म्हणजे खेळाडूची टोळी, सहा जणांची, त्यातले पुढचे तिघेच तलवारीने भिडू शकत. आधी सहाही जणांना हुकूम द्यायचे, मग सगळी फेरी एकदम घडताना बघायची. जादूगाराचं पहिल्याच पातळीवर मिळणारं 'काटिनो' शत्रूचा अख्खा गट झोपवतं. पण तुमच्या आधी त्यांचा नंबर लागला, तर पुढच्या रांगेतला कोणीतरी तोवर आडवा झालेला असतो. कन्सोलवरच्या पहिल्या 'फायनल फँटसी'त (१९८७) हीच अडचण वेगळ्या रूपात आली. दोघांना एकच शत्रू नेमून दिला आणि पहिल्याने तो मारला, की दुसऱ्याचा वार फुकट.

यात जागेला फारसा अर्थ नव्हता. 'अल्टिमा ३'ने (१९८३) लढाईसाठी वेगळा पट उघडला आणि एसएसआय कंपनीच्या 'पूल ऑफ रेडियन्स'ने (१९८८) त्या पटावर एडी अँड डीचे ('डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीचे) नियम बरेच काटेकोरपणे बसवले. शेजारच्या शत्रूपासून मागे सरलात तर त्याला पाठीवर एक फुकटचा वार मिळतो. फायरबॉल या आगीच्या मंत्राच्या घेरात आपली माणसं आली तर तीही भाजतात. इथे खरा डाव सुरू झाला, आणि खरा कंटाळाही. शत्रूंची झुंड मोठी असली की प्रत्येकाची हालचाल एकामागून एक बघत बसावं लागे.

दरम्यान अटारी एसटी या कॉम्प्युटरवर 'डन्जन मास्टर' (१९८७) आला आणि त्यात घड्याळ कोणासाठीच थांबेना. वार केल्यावर तो हात सावरेपर्यंत पुन्हा चालत नाही, एवढाच काय तो नियम. खेळणाऱ्यांनी लवकरच त्यातली फट शोधली. दोन बाय दोन चौकोनांच्या जागेत वार करायचा, बाजूला सरकायचं, राक्षस समोर येऊन वळेपर्यंत पुन्हा वार करायचा. हालचाल राक्षसाच्या प्रतिसादापेक्षा जलद असल्यामुळे आकडे कितीही तगडे असोत, बरेच शत्रू या नाचात मरत. रिअल-टाइममध्ये खेळाडूची बोटं पात्राच्या आकड्यांवर मात करतात, हे इथेच उघड झालं.

दोन्हीचा मेळ घालणारी वाट, म्हणजे चालू काळ आणि हवा तेव्हा पॉझ, १९९२च्या 'डार्कलँड्स'ने दाखवली होती. ती रूढ केली बायोवेअरच्या 'बाल्डर्स गेट'ने (१९९८). ही पद्धत नीट कळली नाही तर खेळ अन्यायी वाटतो, म्हणून जरा तपशिलात जाऊ. टेबलावर एडी अँड डीची एक फेरी एका मिनिटाची, इथे ती ६ सेकंदांची. प्रत्येक पात्राची फेरी स्वतंत्र चालते, त्यामुळे शत्रूवर कितीही क्लिक केलं तरी वार वाढत नाहीत. मंत्राचा कास्टिंग टाइम, म्हणजे तो टाकायला लागणारा वेळ, फेरीच्या दहाव्या हिश्शात मोजतात. फायरबॉलचा ३, म्हणजे १.८ सेकंद. तेवढ्यात शत्रू घेराबाहेर जातो किंवा तुमचाच योद्धा आत घुसतो. कास्टिंग चालू असताना इजा झाली की मंत्र वाया. म्हणून शत्रूचा जादूगार ओठ हलवू लागला की मोठा मंत्र काढत बसू नये, मॅजिक मिसाइल हा छोटा मंत्र टाकावा. त्याचा कास्टिंग टाइम १, म्हणजे ०.६ सेकंद. ऑटो-पॉझच्या (खेळ आपोआप कधी थांबावा याच्या) यादीतला 'शत्रू दिसला' हा पर्याय तर पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा.

वार लागण्याचं गणित तेव्हा उलटं होतं. थॅको (वार करणाऱ्याचा आकडा) आणि आर्मर क्लास (समोरच्याचा बचाव), दोन्ही जितके कमी तितके चांगले. थॅको १८ आणि समोरच्याचा आर्मर क्लास ४ असेल तर फाशावर किमान १८ वजा ४, म्हणजे १४ हवेत, म्हणजे ३५ टक्के शक्यता. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने ही दिशा सरळ केली.

'फॉलआउट' (१९९७) 'बाल्डर्स गेट'च्या बरोबर उलट टोकाला. तिथे काळ सुट्ट्या नाण्यांसारखा हातात येतो. अ‍ॅक्शन पॉइंट म्हणजे एका टर्नला ५ अधिक अजिलिटीचा (चपळाईचा) अर्धा, अपूर्णांक सोडून. १० एमएम पिस्तुलाची गोळी ५ पॉइंटांची. अजिलिटी १० असेल तर दोन गोळ्या, ८ किंवा ९ असेल तर एकच, आणि उरलेल्या ४ पॉइंटांत चार षटकोन मागे. नेम धरून मारायचं तर १ पॉइंट जास्त, म्हणजे दोन गोळ्यांची एक होते. लढाईत बॅग उघडली की ४ गेले. या पॉइंटांच्या हिशेबाने अजिलिटी ९ ठेवणं म्हणजे एक गुण वाया घालवणं, हे पात्र बनवतानाच कळायला हवं. साथीदार मात्र तुमच्या ताब्यात नसतात. इअन या साथीदाराच्या हातात सबमशीनगन दिली आणि तुम्ही त्याच्या समोर उभे राहिलात, तर बर्स्ट (गोळ्यांची सर) तुमच्याही अंगावर येतो.

त्याच सुमारास आलेला 'डायब्लो' आधी टर्न-बेस्ड होता. तो रिअल-टाइम झाला आणि पुढची कित्येक वर्षं प्रकाशकांना तेच हवं होतं.

फासा आणि घड्याळ यांची सर्वांत वाईट टक्कर 'मॉरोविंड'मध्ये (२००२) झाली. तलवार राक्षसाच्या अंगातून जाताना डोळ्यांना दिसते, पण आत फासा 'हुकली' म्हणतो. शस्त्राचं कौशल्य, अजिलिटीचा पाचवा आणि लकचा दहावा हिस्सा यांची बेरीज करून तिला थकव्याच्या गुणकाने गुणतात. पूर्ण ताजेतवाने असाल तर १.२५, पार थकलेले असाल तर ०.७५. कौशल्य ३०, अजिलिटी ४० आणि लक ४० असलेल्या नवख्याची शक्यता ५२.५ टक्क्यांवरून ३१.५ टक्क्यांवर येते. त्यातून समोरच्याचं चुकवणं अजून वजा व्हायचंय. पळण्याने थकवा येतो, आणि नवखे नेमके पळतच लढाईत शिरतात. शेवटचं अंतर चालत जा, एवढ्याने निम्मी तक्रार मिटते. 'ऑब्लिव्हियन'ने (२००६) हा फासाच काढून टाकला. तो निर्णय बरोबर होता: पडद्यावर दिसलेला वार हिशेबाने नाकारला की खेळाडूचा कशावरच विश्वास राहत नाही.

२०१२ नंतर किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून आलेल्या पैशांवर टर्न-बेस्ड परतलं, पण पद्धत बदलणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. 'पिलर्स ऑफ इटर्निटी २' २०१८ मध्ये पॉझसह रिअल-टाइम म्हणून आला आणि २०१९ मध्ये त्याला टर्न-बेस्ड मोड जोडला गेला. वेगाने जास्त वार करणारी हलकी पात्रं त्यात मागे पडली. वेग आता फक्त क्रम ठरवत होता, तर जड शस्त्राला फेरीला एकच वार असला तरी त्याचं नुकसान पूर्ण मिळत होतं. लॅरियन कंपनीच्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २'मध्ये (२०१७) खेळाडू करतात ती चूक वेगळी. चिलखत शारीरिक आणि जादुई असं दोन थरांचं आहे, आणि चौघांची पार्टी दोघे शारीरिक आणि दोघे जादुई वार करणारे अशी वाटली की दोन्ही थर अर्धवट उरतात. एकाच थरावर सगळ्यांनी तुटून पडलं तर लढाई बरीच लवकर हाती येते.

त्याच लॅरियनचा 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरतो, पूर्ण टर्न-बेस्ड. पण इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे आधी कोण हलणार हे ठरवायला, २०ऐवजी ४ बाजूंचा फासा टाकतो. त्यामुळे डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) प्रत्येक अधिक गुण टेबलापेक्षा कितीतरी भारी पडतो. अलर्ट या फीटचे (पात्राने निवडायच्या खास गुणाचे) ५ मिळाले की बाकी आकडे सारखे असणारा शत्रू तुमच्या आधी हलूच शकत नाही: तुमचं किमान ६, त्याचं कमाल ४.