सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबई

चर्चगेट स्टेशनचं नाव ज्या चर्चवरनं पडलं ते हे चर्च, आणि ते स्टेशनजवळ नाहीच. हुतात्मा चौकातनं वीर नरिमन रोडने हॉर्निमन सर्कलकडे चालत गेलं की सर्कलच्या जरासं आधी लागतं. इंग्रजांच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते, अपोलो, बझार आणि चर्च. या चर्चकडे जाणारा तो चर्चगेट, आणि तिथनं आत येणारा रस्ता म्हणजे चर्चगेट स्ट्रीट, आजचा वीर नरिमन रोड. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली तेव्हा दरवाजाही गेला, त्याच्या जागी फ्लोरा फाउंटन आलं, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं ते राहिलंच.

पाया घातला १६७६ मध्ये, गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने. पुढच्याच वर्षी तो सुरतेत वारला आणि काम जे रखडलं ते जवळजवळ चाळीस वर्षं, भिंती नुसत्या अर्धवट उभ्या. शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीने नेट लावून वर्गणी जमवली आणि १७१८ च्या नाताळला चर्च उघडलं. त्या दिवशी रामा कामाती आपल्या जातभाईंना घेऊन आले होते आणि सगळी प्रार्थना होईपर्यंत बाहेर उभे राहून बघत होते असं कॉबनेच लिहून ठेवलंय. रामा कामाती म्हणजे शेणवी समाजातले बडे व्यापारी, वाळकेश्वरचं देऊळ ज्यांनी पुन्हा बांधलं तेच. दोनच वर्षांनी याच इंग्रजांनी त्यांना कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं आणि ते तिथेच वारले, पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती हे नंतर कळलं. चर्चचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

१८३७ मध्ये थॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले आणि चर्चचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च झालं, पाठोपाठ मनोरा आणि घड्याळ आलं. बाहेरचं गॉथिक कारंजं कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूरांच्या पैशातलं, डिझाइन लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. आत भिंतीभर संगमरवरी स्मारकं आहेत, त्यातलं गव्हर्नर जोनाथन डंकनचं थांबून बघावं, मुलींना जन्मतःच मारायच्या प्रथेविरुद्ध त्याने जे प्रयत्न केले त्याचा त्यात उल्लेख आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा भाग म्हणजे मुंबईच्या धंद्याचं काळीज, चारी बाजूंनी बँका, ऑफिसं, गाड्यांची वर्दळ. पूर्वी समोरच्या मोकळ्या मैदानात, बॉम्बे ग्रीनवर, कापसाच्या गासड्या रचलेल्या असायच्या, तिथेच पुढे एल्फिन्स्टन सर्कल झालं, आजचं हॉर्निमन सर्कल. १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी आलेले पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे प्रार्थनेला आले होते, त्यांच्या खुर्च्या अजून जपून ठेवल्यात.

१९७० पासून हे कॅथेड्रल 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या प्रोटेस्टंट धर्मसंस्थेकडे आहे. डागडुजी इतकी नीट झाली की २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

आणि मैलाचे दगड! ब्रिटिश काळात मुंबईतली अंतरं या चर्चपासून मोजायचे. काळ्या दगडावर रोमन आकडा आणि सेंट थॉमसचं नाव कोरलेलं, असे काही दगड शहरात अजून सापडतात, काही तर फुटपाथ उंच होत होत पार गळ्यापर्यंत गाडले गेलेले.