कॅलिफोर्निया पॉपी

अफूच्या कुळातील (पॅपॅव्हरेसी) एक अल्पायुषी फुलझाड. शास्त्रीय नाव एश्शोल्झिया कॅलिफोर्निका. ते मूळचे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील. ‘रूरिक’ या रशियन जहाजावरील मोहीम १८१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात थांबली असता मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ आडेलबर्ट फॉन शामिसो यांनी ते गोळा केले आणि त्याला जहाजावरील डॉक्टर योहान एश्शोल्ट्स यांचे नाव दिले. १९०३ पासून ते कॅलिफोर्नियाचे राज्यपुष्प आहे. कुळ अफूचे असले, तरी यापासून अफू मिळत नाही.

पाने निळसर करडी व बारीक चिरलेली, फुले चार पाकळ्यांची, बहुधा नारिंगी. कळीवरची संदले (कळी झाकणारी हिरवी दले) एकमेकांना जोडलेली असून फूल उमलताना त्यांची टोकदार टोपी अखंड सुटून पडते. ढगाळ हवेत आणि रात्री फुले मिटतात. त्यांत मध नसतो, मधमाश्या व भुंगेरे येतात ते परागासाठी.

या झाडाचे लाड केले की ते बिघडते. शेणखत भरलेल्या वाफ्यात पाला माजतो, फुले कमी येतात. भरपूर ऊन आणि निचऱ्याची हलकी, मुरमाड जमीन पुरते. सोटमूळ दुखावले की रोप सहसा सावरत नाही, म्हणून रोपे न लावता थंड हवेत बी जागेवरच फोकून वर मातीचा पातळ थर देतात. उगवण होईपर्यंत ओल टिकवावी. पुढे पाणी बेतानेच द्यावे. दाटी झाल्यास विरळणी करताना जास्तीची रोपे उपटण्यापेक्षा कात्रीने कापलेली बरी, शेजारची मुळे हलत नाहीत. कडक थंडी पडते तिथे ते वर्षायू, सौम्य हवेत काही वर्षे टिकते. उन्हाळ्यात वाळले तरी मुळापासून पुन्हा फुटते.

पुढच्या वर्षी बहुधा पेरावे लागत नाही. लांबट शेंग वाळताना तिच्या कडांवर ताण येतो आणि ती तडकून बी दूर उडवते. बी हवे असल्यास शेंगा तपकिरी होऊ लागताच तोडून कागदी पिशवीत ठेवाव्यात. त्या आतच फुटतात. गुलाबी वा मलईरंगी वाणांची आपोआप उगवलेली संतती काही पिढ्यांत नारिंगीकडे झुकते. रंग राखायचा असेल तर नारिंगी झाडे बी धरण्याआधीच काढावीत. बागेबाहेर पसरण्याची शक्यताही लक्षात घ्यावी: मध्य चिलीत हे झाड रानोमाळ पसरले आहे.