व्हीलॅन

व्हीलॅन म्हणजे आभासी स्थानिक नेटवर्क. एकाच स्विचला (नेटवर्कमधली उपकरणे केबलने एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडलेली उपकरणे याद्वारे वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये विभागता येतात आणि त्यासाठी वेगळा स्विच घ्यावा लागत नाही. साध्या स्विचवर एका संगणकाचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठीचा संदेश, बाकी सगळ्या पोर्टवर जातो. व्हीलॅन केल्यावर तो आपल्याच गटात फिरतो.

ही पद्धत आयईईई ८०२.१क्यू या मानकाने (१९९८) निश्चित केली. इथरनेट फ्रेममध्ये (केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात) पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर, म्हणजे हार्डवेअर पत्त्यानंतर, ४ बाइटचा टॅग घातला जातो. त्यातले १२ बिट व्हीलॅन क्रमांकासाठी असतात. ० आणि ४०९५ राखीव असल्याने १ ते ४०९४ वापरता येतात. कार्यालयाला एवढे क्रमांक पुरून उरतात. मोठ्या डेटा सेंटरसाठी मात्र २४ बिटांचा क्रमांक असलेले व्हीएक्सलॅन आले.

संगणक, प्रिंटर, कॅमेरा यांना बहुधा टॅग कळत नाही, म्हणून त्यांचे पोर्ट अनटॅग्ड (ॲक्सेस) ठेवतात. दोन स्विचमधली किंवा राउटरकडे जाणारी केबल अनेक व्हीलॅन वाहते, तो ट्रंक. समजा, आठ पोर्टच्या स्विचवर १ ते ४ व्हीलॅन १० मध्ये, ५ ते ७ व्हीलॅन २० मध्ये आणि ८ ट्रंक आहे. अनेक स्वस्त स्विचवर पोर्टचे सदस्यत्व आणि पीव्हीआयडी (टॅग नसलेली आत येणारी फ्रेम ज्या व्हीलॅनमध्ये टाकायची त्याचा क्रमांक) सेटिंगच्या वेगवेगळ्या पानांवर भरावे लागतात, आणि घोळ हमखास तिथेच होतो. पोर्ट ५ व्हीलॅन २० चा सदस्य केला, पण पीव्हीआयडी १ च राहिला, तर आत येणारी फ्रेम व्हीलॅन १ मध्ये पडते. पोर्टचा दिवा लागलेला असतो, पण आयपी पत्ता मिळत नाही किंवा भलत्याच नेटवर्कमधला मिळतो.

दोन व्हीलॅनमधली वाहतूक राउटर किंवा लेयर ३ स्विचमधूनच (राउटरचे काम करणाऱ्या स्विचमधूनच) जाते. तिथे फायरवॉलचे नियम घातले नाहीत तर बहुतेक राउटर ती बिनदिक्कत पुढे पाठवतात. मग वेगळे करून साधले काय? ट्रंकचा नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे ज्याच्या फ्रेम ट्रंकवरून टॅगविना जातात तो, कुठल्याही ॲक्सेस पोर्टला दिलेला नसावा, कारण दुहेरी टॅगची फ्रेम पाठवून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसण्याचा हल्ला त्याच वाटेने होतो. एकाच व्हीलॅनमधल्या उपकरणांना मात्र एकमेकांपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी पोर्ट आयसोलेशन ही वेगळी सोय लागते.