ब्लूगिलच्या तोंडात मावेल एवढाच गळ

अमेरिकेतल्या तळ्यांवर गळ टाकून बसणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पाण्यावर तरंगणारा फ्लोट थरथरतो, गांडूळ कुरतडलं जातं, पण मासा काही लागत नाही. खाली बहुतेकदा ब्लूगिल असतो आणि दोष सामानाचा असतो.

ब्लूगिल हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला सनफिश. अंगाने चपटा, आकाराने साधारण तळहाताएवढा. तव्यात अख्ख्या मावणाऱ्या अशा माशांना तिकडे पॅनफिश म्हणतात. क्रॅपी, रेडइअर, पम्पकिनसीड हेही त्यातलेच. कुणासाठी काय बांधायचं, हे दुकानातल्या रंगीबेरंगी पाकिटांवरून ठरवू नये. त्या माशाचं तोंड बघावं.

ब्लूगिल भक्ष्यामागे धावून चावा घेत नाही. तो जवळ येतो, थांबतो, निरखतो आणि क्षणार्धात तोंडाची पोकळी फुगवतो. आतला दाब घटतो, पाणी आत धावतं आणि त्याबरोबर भक्ष्यही. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी आणि पाण्यात सोडलेल्या बारीक कणांच्या मदतीने शास्त्रज्ञांनी हा प्रवाह मोजला आहे. तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरावर त्याचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम ५ टक्के उरतो. म्हणजे ही ओढ जोरदार, पण तिची पोच अगदी तोकडी. त्यात हे तोंड उघडून उघडून दीडेक सेंटीमीटर.

सामानाचं सगळं गणित इथून सुटतं. आमिष जड असेल तर त्या निमिषात ते पुरेसं हलतच नाही. तंगूस (गळाचा दोरा) जाड आणि ताठ असेल तर तो आमिषाला मागे धरून ठेवतो. म्हणून जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) अर्ध्या ते एक ग्रॅमचा, तंगूस २ ते ४ पौंड ताकदीचा, गळ ८ किंवा १० नंबरचा (इथे नंबर जितका मोठा, तितका गळ लहान). गळाचा दांडा लांब असला तर एवढ्याशा तोंडातून तो सोडवणं सोपं जातं. काठी ५-६ फुटांची, लवचिक. एवढं हलकं आमिष नुसतं फेकलं तर लांब जात नाही. फ्लोटचं वजन तिथे कामी येतं. पण तो फ्लोट पेन्सिलीसारखा सडपातळ हवा. गोल, फुगीर फ्लोट पाण्याखाली ओढायला जास्त जोर लागतो आणि तो अडथळा जाणवला की मासा आमिष थुंकून देतो.

माझ्या मते रंगावर लोक उगाच डोकं शिणवतात. आधी तंगूस बारीक करावा, आमिष सावकाश खाली जाऊ द्यावं, मध्येच स्थिर ठेवावं. थांबून निरखणाऱ्या माशाला तेवढी उसंत लागतेच. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासेमारी करणारे टंगस्टनचा जिग वापरतात, त्यालाही कारण आहे. टंगस्टनची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट असते, त्यामुळे आकार लहान ठेवूनही जिग खोलवर झटकन पोचतो.

बाकीच्यांची तोंडं वेगळी. क्रॅपीचं मोठं आणि वर वळलेलं. तो छोटे मासे खातो, त्याला दोनेक ग्रॅमचा जिग चालतो आणि तो त्याच्या डोक्याच्या थोडा वर ठेवावा लागतो. रेडइअरच्या घशात गोगलगायींची कवचं फोडणारे दात असतात. तो तळाशी चरतो, तेव्हा गांडूळही तळाशीच हवं.

वसंत सरता सरता पाणी तापलं की ब्लूगिलचे नर उथळ पाण्यात वाडगीसारखे खळगे करून त्यातल्या अंड्यांची राखण करतात. तेव्हा ते समोर येईल त्यावर तुटून पडतात, त्यामुळे कुठलंही आमिष चालतं. मला काळजी वाटते ती याच दिवसांची. राखणदार नर उचलला की इतर मासे अंडी फस्त करतात. थोराड नर सतत काढले गेले तर लहान नर लवकर वयात येतात, वाढीची ताकद प्रजननात घालवतात आणि तळ्यातले मासे खुजे राहतात. जिथे हा मासा मूळचा आहे, तिथे खळग्यावरचा मोठा नर गळाला लागला तर त्याला त्याच जागी लगेच सोडावं आणि तव्यासाठी मधल्या आकाराचे ठेवावेत.