हूल देताना गुडघा का जातो?

महिलांचा हँडबॉल सामना कधी टीव्हीवर लागला, तर थोडा वेळ चेंडू सोडून खेळाडूंच्या पायांकडे बघा. १५ डिसेंबर २०२४ रोजी व्हिएन्नात युरोपीय अजिंक्यपदाची अंतिम लढत झाली. नॉर्वेने डेन्मार्कला ३१-२३ असं हरवून दहाव्यांदा हा किताब घेतला. ६० मिनिटांत ५४ गोल! आणि त्यातल्या कितीतरी गोलांच्या आधी एक हूल असते. हल्ला करणारी खेळाडू डावीकडे झेपावल्यासारखं करते, समोरची तिकडे झुकते, आणि त्याच क्षणी ही पाय रोवून उजवीकडून निसटते.

कबड्डी बघत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चढाईला गेलेला खेळाडू कोपरा चुकवताना हेच करतो, आणि बऱ्याचदा त्याचाही गुडघा असाच जातो. 'लिगामेंट गेलं' असं आपण म्हणतो ते यालाच.

गुडघ्याच्या आत, अगदी मधोमध, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरका गेलेला एक बंध असतो. जाडी जेमतेम करंगळीएवढी. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि नको तितकी पिळू नये, हे त्याचं काम. तो पूर्ण तुटला की सहसा आपोआप नीट जुळत नाही. शस्त्रक्रिया केली तरी मैदानावर परतायला नऊ महिने, वर्ष सहज जातं. नॉर्वेची नोरा मर्क हिच्या गुडघ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, तरीही २०२० च्या युरोपीय स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचेच होते. पण सगळ्यांचं नशीब आणि चिकाटी तशी नसते.

नॉर्वेत मुली मोठ्या संख्येने हँडबॉल खेळतात, त्यामुळे हे दुखणं तिथे घरोघरचं. ऑस्लोतल्या क्रीडावैद्यक संशोधकांनी मग एक साधी पण चिकाटीची गोष्ट केली. सामन्यांच्या जुन्या टेप जमवल्या आणि खेळाडूंचा बंध तुटला ते २० प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिले. २० पैकी १२ जणींचा गुडघा हूल देऊन वळताना गेला होता, ४ जणींचा उडी मारून चेंडू फेकल्यावर एका पायावर उतरताना. काहींचा तोल धक्क्याने बिघडला होता हे खरं, पण गुडघ्यावर थेट आघात क्वचितच दिसला. पाय जवळजवळ सरळ, टाच-चवडा जमिनीला घट्ट, आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळलेला, हे चित्र मात्र पुन्हा पुन्हा समोर येत होतं.

२०१० मध्ये याच मंडळींनी आणखी बारकाईने पाहिलं. हँडबॉलचे सात आणि बास्केटबॉलचे तीन, असे एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी टिपलेले दहा प्रसंग त्यांनी संगणकावर हाडांच्या सांगाड्यासकट पुन्हा उभे केले. पाय टेकताना गुडघा सरासरी २३ अंशच वाकलेला होता. पुढच्या ४० मिलिसेकंदांत तो १२ अंशांनी आत गेला. त्याच सुमाराला जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या ३.२ पट झाला होता. खेळाडू ६५ किलोंची असेल तर दोनशे किलोंहून जास्त भार, तोही एका पायावर.

४० मिलिसेकंद म्हणजे किती? पापणी लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. 'गुडघा वाकडा जातोय' ही खबर मज्जातंतूंनी वर न्यायची, तिथून हुकूम खाली यायचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी ताण धरायचा, यात ती वेळ कधीच टळून गेलेली असते. म्हणजे पाय टेकल्यावर सावरणं हा प्रकारच नाही. स्नायू पाय टेकण्याआधीच तयार हवेत. गोलरक्षकाची अडचणही याच जातीची. सात मीटरवरून ताशी ९० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू ०.२८ सेकंदात गोलरेषेवर पोहोचतो. चेंडू हातातून सुटल्यावर हलायचं ठरवलं तर उशीरच झाला. म्हणून ती फेकणारीच्या खांद्यावरून आणि मनगटावरून आधीच अंदाज बांधते.

पुरुषांपेक्षा बायकांचा हा बंध जास्त वेळा का तुटतो, यावर मतं पुष्कळ आहेत. कटीची ठेवण, हाडातल्या खाचेचा आकार, संप्रेरकं, उतरण्याची ढब. नॉर्वेतल्याच एका पाहणीत लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकड असलेल्या कृत्रिम जमिनीवर बायकांना धोका अधिक दिसला, पुरुषांच्या बाबतीत तो फरक दिसला नाही. मला यातली एकच गोष्ट कामाची वाटते. हाडं बदलता येत नाहीत, उतरण्याची ढब मात्र बदलता येते.

तेच करून पाहिलं गेलं. डगमगत्या फळीवर एका पायाने उभं राहून चेंडू झेलायचा, मऊ गादीवर उडी मारून उतरायचं, हूल देताना पावलं जवळ ठेवायची, आणि प्रत्येक वेळी गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. १५ मिनिटांचा सराव, सुरुवातीचे काही आठवडे तीनदा, नंतर आठवड्यातून एकदा. वरच्या तीन श्रेणींतल्या महिला संघांमध्ये आधीच्या हंगामात २९ बंध तुटले होते. सराव सुरू झाल्यावर पहिल्या हंगामात २३, दुसऱ्यात १७. एवढ्यावरून योगायोग नाकारता येत नाही, हे संशोधकांनाही माहीत होतं. पण पुढे १२० क्लबांमधल्या १,८३७ किशोरवयीन खेळाडूंवर, त्यात बहुतेक मुलीच, रीतसर चाचणी झाली, आणि २००५ मध्ये निकाल आला तेव्हा सराव करणाऱ्यांच्या गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्या होत्या.

पुढची हकिगत गमतीची म्हणावी की वाईट, कळत नाही. महिला संघांवरचा प्रयोग संपला, संशोधक आपापल्या कामाला लागले, आणि नॉर्वेत तुटणाऱ्या गुडघ्यांची संख्या पुन्हा वर गेली. सराव निरुपयोगी ठरला नव्हता, संघांनी तो गुंडाळून ठेवला होता. फळीवर डगमगत उभं राहणं कंटाळवाणं असतं, आणि न तुटलेला गुडघा कुणाला दिसत नाही. मग तेच व्यायाम नव्याने प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवावे लागले, संकेतस्थळावर ठेवावे लागले, तेव्हा कुठे आकडे परत खाली आले.